‘सर, पोरगं लहान चणीचं आहे, प्रो कबड्डीत घेतील का?’ : एका पालकाच्या प्रश्नातून तयार झालेला पाठ



आमची शाळा शेंद्रा परिसरातली. जालना रोडच्या दोन्ही बाजूंना कंपन्या, आणि मुलांचे बरेचसे पालक शिफ्टमध्ये काम करणारे. पहिली शिफ्ट सुटली की काही पालक घरी जाताना शाळेत डोकावून जातात. असेच एक वडील मागच्या वर्षी आले. मुलगा अकरावीला, वय १७, उंची पाच फूट पाच इंच, वजन ५८ किलो. शाळेच्या कबड्डी संघात उजवा कोपरारक्षक.

वडील म्हणाले, “सर, पोरगं ऐकंना. म्हणतंय प्रो कबड्डीच खेळणार. एक जण चाळीस हजार मागतोय, म्हणतो डायरेक्ट ट्रायलला घालतो. पण पोरगं हे असं लहान चणीचं. घेतील का त्याला? तुम्ही म्हणाल तसं करू.”

‘तुम्ही म्हणाल तसं’ या तीन शब्दांचं ओझं तुम्हालाही माहीत असेल. नाही म्हटलं तर मुलाचं मन मोडतं, हो म्हटलं तर एका कुटुंबाचे चाळीस हजार आणि मुलाची दोन वर्षं पणाला लागतात. पैशांपुरतं उत्तर मी तिथेच दिलं : “एक रुपयाही देऊ नका.” पैसे घेऊन निवड करून देतो म्हणणारा माणूस निवड करत नसतो, फक्त पैसे घेत असतो. बाकीच्या प्रश्नासाठी मात्र मी आठवड्याची मुदत मागितली. त्या आठवड्यात गणित, विज्ञान आणि शारीरिक शिक्षण या तिन्ही विषयांना धरून एक पाठच तयार झाला. तो इथे देतोय. तुमच्या शाळेतही असं एखादं मूल असेलच.

१) आधी जागा समजून घेऊ

पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा, म्हणजे प्रत्येक संघाला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनसरेषा. बोनसरेषेपासून अंतिम रेषेपर्यंत उरतात फक्त १.७५ मीटर.

(वर्गात एवढं जरूर करा : मुलांना ६.५ मधून ४.७५ वजा करायला सांगा आणि उत्तर चुन्याने मैदानावर आखायला लावा. दशांश अपूर्णांक पायाखाली आला की विसरत नाही.)

सात बचावपटूंमध्ये दोन्ही टोकांना उभे असतात ते कोपरारक्षक. त्यांच्या आतल्या बाजूचे मध्यरक्षक. या दोघांच्या कामात मोठा फरक आहे. मध्यरक्षक बहुतेक वेळा समोरून अंगावर जातो, धडक देऊन चढाईपटूला अडवतो. तिथे वजन फार कामाला येतं. कोपरारक्षक बाजूने किंवा मागून जातो आणि त्याचं लक्ष्य असतं पाय : घोटा, गुडघा, मांडी.

म्हणजे ‘लहान चणीचा मुलगा कबड्डीत चालेल का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. ‘लहान चणीचा मुलगा कोपऱ्यात चालेल का?’ असा तो विचारायला हवा. त्याचं उत्तर वेगळं येतं.

२) विज्ञान काय सांगतं?

संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. समजा ८० किलोचा चढाईपटू सेकंदाला ४ मीटर वेगाने मध्यरेषेकडे परत निघालाय. त्याचा संवेग ८० × ४ = ३२०. आपल्या ५८ किलोच्या मुलाने समोरून आडवं जाऊन तेवढाच संवेग आणायचा तर त्याला सेकंदाला साडेपाच मीटर वेग लागेल. दोन पावलांत हा वेग कुठून आणणार? समोरासमोर गेला की तो मागे फेकला जाणार. मुलांना हे सूत्र पुस्तकात कोरडं वाटतं, मैदानावर एकदा बघितलं की पटतं.

आता बोनसचा क्षण बघा. समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तर चढाईपटूला बोनसचा गुण मिळू शकतो. त्यासाठी त्याला एक पाय बोनसरेषेपलीकडे टेकवावा लागतो आणि त्याच वेळी दुसरा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे त्या घडीला ८० किलोचा गडी एका पायावर उभा असतो! उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या आसपास असतो. घोटा तिथून जवळपास ९० सेंटिमीटर दूर. बल आघूर्ण म्हणजे बल गुणिले अंतर, हे आपण दरवाजाच्या कडीचं उदाहरण देऊन शिकवतोच. बिजागरीजवळ ढकललं तर दार जड लागतं, कडीजवळ ढकललं तर बोटानेही हलतं. कमरेला धरून ओढणं म्हणजे बिजागरीजवळ जोर लावणं, घोटा धरून ओढणं म्हणजे कडीजवळ. तेवढ्याच ताकदीत कितीतरी जास्त परिणाम होतो.

आणि घोट्यापर्यंत पोचायला बुटक्या खेळाडूला कमी वाकावं लागतं. इथे त्याची चण त्याच्या बाजूने आहे.

पण पालकहो, नाण्याची दुसरी बाजूही मुलाला सांगायला हवी. बुटक्या खेळाडूचे हात आखूड, म्हणून त्याला चढाईपटूच्या जास्त जवळ उभं राहावं लागतं आणि लांब पायाची किक त्याला आधी लागते. तो खाली वाकला की उंच चढाईपटू हनुमान उडी मारून डोक्यावरून निघून जातो. आणि मैदानात तीनच बचावपटू उरले, जेव्हा पकड झाली तर सुपर टॅकलचा जादा गुण मिळतो, तेव्हा साखळीची मदत नसते. एकट्याने धरून ठेवायचं म्हटलं की वजनाची उणीव लपत नाही.

३) मोठ्या मैदानावर काय दिसतं?

प्रो कबड्डी लीग २०१४ साली आठ संघांनी सुरू झाली. २०१७ पासून बारा संघ आहेत. त्यात यू मुम्बा आणि पुणेरी पलटण हे आपल्या महाराष्ट्राचे. कोपरारक्षकांची नावं मुलांच्या तोंडावर असतात. इराणचा फजल अत्राचली २०१५ मध्ये यू मुम्बाकडून आला आणि पुढे लीगमध्ये पकडीचे ५०० गुण गाठणारा पहिला खेळाडू ठरला. यूपी योद्धाकडून नितेश कुमार उजव्या कोपऱ्यात खेळला. २०१८-१९ च्या सहाव्या हंगामात त्याने पकडीचे १०० गुण मिळवले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला बचावपटू. आपल्याकडचा गिरीश इर्नाक डाव्या कोपऱ्यात खेळला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघात होता. रत्नागिरी जिल्ह्यातला शुभम शिंदे उजव्या कोपऱ्यातला.

यांचे सामने मुलांबरोबर बघा, पण चेंडूमागे धावावं तसं चढाईपटूमागे डोळे धावू देऊ नका. फक्त कोपरारक्षकाचे पाय बघायला सांगा. तो किती वेळा पकड करतो यापेक्षा किती वेळा पकड करायची टाळतो हे मोजायला लावा. आमच्या मुलांना याचंच सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. चांगला कोपरारक्षक बराच वेळ काहीच करत नाही. तो थांबतो. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी चढाई ‘करो या मरो’ असते, तेव्हा चढाईपटूला जवळ यावंच लागतं. कोपरारक्षक त्या क्षणासाठी दम धरून असतो.

आणि हेही लपवू नका की टीव्हीवर दिसणारे बहुतेक कोपरारक्षक अंगापिंडाने भरलेले आहेत. वरिष्ठ पुरुष गटात वजनाची कमाल मर्यादा ८५ किलो आहे आणि बरेच चढाईपटू त्या मर्यादेच्या जवळपास असतात. ५८ किलो तिथे पुरणार नाहीत. उंची आपल्या हातात नाही, वजन आणि ताकद मात्र चार-पाच वर्षांत वाढवता येते.

जगात दुसरीकडेही हाच प्रश्न आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘कॉर्नरबॅक’ नावाची जागा असते. कडेला उभं राहून समोरच्या धावणाऱ्याला चेंडू झेलू द्यायचा नाही, हे त्याचं काम. तिथल्या व्यावसायिक संघांच्या सराव शिबिरात ९० पर्यंत खेळाडू असतात आणि हंगामाआधी त्यातले ५३ संघात ठेवतात. काहींना सराव संघात जागा मिळते, बाकीचे घरी जातात. लहान चणीच्या नवख्याचं नाव कापायला तिथेही कारण शोधावं लागत नाही. तरी डॅरेल ग्रीन नावाचा पाच फूट नऊ इंचांचा कॉर्नरबॅक १९८३ ते २००२ असे वीस हंगाम वॉशिंग्टनच्या एकाच संघात खेळला. पाच फूट नऊ आपल्याला कमी वाटत नाहीत, पण त्या खेळात ती उंची कमीच. त्याचा वेग विलक्षण होता. लहान चणीच्या खेळाडूकडे ‘सगळं बरं’ असून चालत नाही, एक गोष्ट इतरांपेक्षा ठळकपणे चांगली असावी लागते. मोठ्या चणीच्या खेळाडूला चूक माफ होते, कारण ‘पुढे सुधारेल’ असं निवडणाऱ्याला वाटतं. लहान चणीच्या खेळाडूला ही सवलत कमी मिळते. हे न्याय्य आहे का? नाही. पण असं होतं.

४) शक्यतेचं गणित

आता फळ्यावर येऊ. बारा संघ, प्रत्येकात दोन कोपरारक्षक : मैदानावर एकूण २४. प्रत्येक संघाने आणखी दोन राखीव ठेवले असं समजू : ४८. देशभरातून, शिवाय इराणसारख्या देशांतून येणाऱ्या खेळाडूंसाठी या ४८ जागा.

समजा आपल्या ३६ जिल्ह्यांत प्रत्येकी पाचच चांगले तरुण कोपरारक्षक आहेत. एकट्या महाराष्ट्रात झाले १८०. हरियाणा, उत्तर प्रदेश, तमिळनाडू अजून मोजलेच नाहीत. आणि या ४८ जागा दरवर्षी रिकाम्या होत नाहीत. समजा दहा झाल्या, तर एकट्या महाराष्ट्राच्या १८० मुलांनाही त्या अठरांत एक अशा पडतात. बाकी राज्यं धरली की आकडा किती खाली जातो ते मुलांनाच काढू द्या. (यातले ‘समजा’ शब्द अधोरेखित करा. गृहीतक बदललं की उत्तर बदलतं, हेही शिकणंच आहे.)

थोडक्यात, शक्यता कमी आहे. पण ती फक्त बुटक्या मुलाची कमी नाही, उंच मुलाचीही कमीच आहे. पालकांना वाटतं की अडचण उंचीची आहे. खरी अडचण जागांच्या संख्येची आहे.

दार मात्र पूर्ण बंद नाही. लीगमध्ये नवोदित तरुण खेळाडूंना घेण्याची वेगळी सोय आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार अशाच नवोदितांच्या वाटेने पुणेरी पलटणमध्ये आला, आणि १ मार्च २०२४ रोजी त्याच्याच नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. तो कोपरारक्षक नाही, चढाईपटू आहे, हे मुलांना सांगा. पण गावाकडचं पोरगं तिथे पोचतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

मुलींच्या पालकांसाठी एक वाक्य : २०१६ मध्ये प्रो कबड्डीसोबत तीन महिला संघांची छोटी स्पर्धा झाली होती, पण मुलांसारखी दरवर्षीची लीग त्यातून उभी राहिली नाही. म्हणून मुलींबाबत पुढच्या दोन मुद्द्यांचं महत्त्व आणखीच जास्त.

५) आमच्या मुलाची वही

आता त्या मुलाकडे परत येतो. मी त्याला शंभर पानी वही दिली आणि सांगितलं, “पाच सामने खेळ. प्रत्येक पकडीचा प्रयत्न लिही. सुटली तर का सुटली तेही लिही.” शेजारी एक मित्र नोंद करायला बसवला, म्हणजे स्वतःची चूक लपवायला नको.

पाच सामन्यांत २१ प्रयत्न, ८ यशस्वी. म्हणजे साधारण ३८ टक्के. सुटलेल्या १३ पकडींची कारणं आम्ही तिघांनी मिळून पाहिली. मुलगा म्हणत होता, “सर, ओढून नेतात मला. वजन कमी पडतंय.” वही वेगळंच सांगत होती. ओढून नेलं असे प्रसंग चार. बाकी नऊ वेळा तो उतावळेपणाने आधीच झेपावला होता, चढाईपटूचा पाय येण्याआधी.

तेराला चार आणि नऊ. त्याच्या वडिलांना मी हेच दोन आकडे दाखवले. चणीने हरवलं चार वेळा, घाईने नऊ वेळा. ज्या गोष्टीला आपण सगळे दोष देत होतो, ती अर्ध्यालाही जबाबदार नव्हती.

पुढचे तीन महिने सरावात एकच गोष्ट बदलली. चढाईपटूचा पाय निदानरेषा ओलांडेपर्यंत हात गुडघ्यावरून उचलायचे नाहीत. सुरुवातीला पोरगं वैतागलं. नंतरच्या पाच सामन्यांत १८ प्रयत्न, ९ यशस्वी. निम्मे. दहा सामन्यांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, हे मलाही कळतं. पण काय सुधारायचं ते त्याला कळलं, आणि ते सुधारता येण्यासारखं होतं.

६) दोन धोके, ज्यांबद्दल आपण गप्प बसतो

पहिला वजनाचा. वयोगटाच्या स्पर्धांना वजनाची कमाल मर्यादा असते. ती गाठायला मुलं दोन-दोन दिवस उपाशी राहतात, पाणी पीत नाहीत, उन्हात जाड कपडे घालून पळतात. कधी कधी मोठी माणसंच हे सुचवतात. वाढत्या वयात हे घातक आहे. शिवाय आपल्या उद्देशाच्याच विरुद्ध आहे : ज्या मुलाला पुढे पुरुष गटासाठी अंग भरायचंय, त्यालाच आपण सोळाव्या वर्षी वाळवतो. भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, परवडत असेल तर दूध-अंडी आणि आठ तास झोप. पावडरच्या डब्याआधी हे बघा.

दुसरा घाईने निकाल लावण्याचा. पंधरा-सोळाव्या वर्षी कुणाची वाढ आधी होते, कुणाची उशिरा. आज जो ‘दांडगा’ म्हणून संघात आहे तो कदाचित फक्त आधी वाढलेला असेल. उशिरा वाढणाऱ्या मुलाला आपण आठवीतच बाकावर बसवलं तर तो अठराव्या वर्षी मैदानावर असणारच नाही. शाळेच्या संघात अशा एक-दोन मुलांना खेळवणं आपल्या हातात आहे.

७) वडिलांना दिलेलं उत्तर

आठवड्याने वडील आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं :

• खेळू द्या. पण बारावी सुटता कामा नये. सराव सकाळी, कॉलेज दिवसा. दोन्ही होत नसेल तर आधी मला भेटा, परस्पर नाव काढू नका.

• चाळीस हजार वाचले, त्यातले थोडे चांगल्या बुटांवर आणि खाण्यावर घाला. बाकी पुढच्या शिक्षणाला ठेवा.

• मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक पातळीची कामगिरी आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते. पोलीस, रेल्वे यांचे कबड्डी संघ आहेत. लीगच्या ४८ जागांपेक्षा ही वाट रुंद आहे.

• खेळाशी नातं ठेवायचे इतरही मार्ग आहेत : बी.पी.एड., पंच परीक्षा, प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम.

• एकविसाव्या वर्षापर्यंतचा हिशेब ठरवू. दरवर्षी एक पायरी : जिल्हा, विभाग, राज्य. सलग दोन वर्षं पायरी चढली नाही तर तिघांनी बसून पुन्हा बोलायचं. रागवायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत.

वडील थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे सर, घेतील का नाही ते तुम्ही सांगितलंच नाही.” मी म्हणालो, “ते मला सांगता येत नाही. नाही घेतलं तरी पोरगं तोट्यात जाणार नाही, एवढं आपण तिघं मिळून करू शकतो.” मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता.

आज तो बारावीला आहे. वजन ६१ किलो. यंदा विभागीय पातळीपर्यंत गेला, राज्यासाठी निवड झाली नाही. दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आला. शेवटच्या सामन्यात सहा प्रयत्न, चार यशस्वी. सुटलेल्या दोन्हींपुढे लिहिलं होतं : ‘घाई’.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. ७० किलोचा चढाईपटू सेकंदाला ५ मीटर वेगाने पळतोय. ५८ किलोच्या बचावपटूला तेवढ्याच संवेगासाठी किती वेग लागेल?

२. आपल्याला जमत नसलेली एक गोष्ट निवडा. तिची कारणं ‘बदलता येणारी’ आणि ‘न बदलणारी’ अशा दोन रकान्यांत लिहा. कोणता रकाना मोठा निघाला?

३. संघ निवडताना फक्त उंची बघितली तर कोणाचं नुकसान होईल? खेळाडूचं, की संघाचंही?

१५ जुलैला, म्हणजे शंकरराव तथा बुवा साळवी यांच्या जन्मदिनी, आपल्याकडे कबड्डी दिन साजरा होतो. त्या दिवशी परिपाठानंतर हा पाठ घेता येईल. तुमच्या शाळेत असा मुलगा किंवा मुलगी असेल तर आधी वही द्या, मग मत द्या. वहीत काय निघालं ते आम्हालाही जरूर कळवा.